रिकाम्या हाताने या

माझ्या नवऱ्याच्या गंधमुक्तीला मी भांडी वाटली नाहीत. आमच्याकडे वाटतात. तेराव्याचं जेवण झालं की आलेल्या प्रत्येक घरात एक स्टीलचा डबा नाहीतर तांब्या जातो आणि त्यावर गेलेल्या माणसाचं नाव कोरलेलं असतं. माझ्या स्वयंपाकघरात असे बरेच डबे आहेत. चहापत्ती एका आजेसासऱ्यांच्या नावात आहे, साखर एका मावससासूबाईंच्या. ही नावं मी रोज सकाळी वाचते. ती माणसं कशी होती, कशाला हसायची, कुणाशी भांडायची, ते मात्र मला कधीच कुणी सांगितलं नाही. म्हणून मी नको म्हटलं.

माझे जेठ माझ्याशी थेट बोलत नाहीत. तापीकाठच्या आमच्या शेतकरी घरांत हे अजून आहे. थोरला दीर धाकट्या भावजयीशी बोलणार, तर मध्ये कुणीतरी लागतं. त्या दिवशी मध्ये माझी मुलगी होती. नऊ वर्षांची.

"बेटा, तुन्ही मायले सांग, लोके काय म्हनतीन! एवढा भाऊ गया आन् घरमाईन एक वाटकी बी नही निघनी."

आम्ही एकाच ओट्यावर चार हातांच्या अंतराने बसलो होतो. मुलीने माझ्याकडे पाहिलं.

"आबासले सांग, लोकेस्ना घरमा वाटक्या भरपूर शेतस," मी म्हटलं.

"तिले सांग, हाई पुस्तकमा वाचेल दिखस."

"त्यांना सांग, हो."

मी मोठ्याने भांडणारी बाई नाही. वर्गातसुद्धा माझा आवाज मागच्या बाकापर्यंत जेमतेम जातो. पण त्या दिवसापासून माझ्यात एक 'नाही' येऊन बसला तो अजून उठलेला नाही. त्या एका 'नाही'मागून दुसरा कसा आला, ते मला लिहून ठेवायचं आहे. भांड्यांचं काय, ती वाटली असती तरी चाललं असतं. दुसरं जे होतं ते चालण्यासारखं नव्हतं.

माझा नवरा मोटारी भरायचा. खापर गावाला हायवेच्या कडेला त्याचं दुकान होतं. शेतांतल्या जळालेल्या पाण्याच्या मोटारी तिथे यायच्या, तो आतली काळी पडलेली तांब्याची तार उपसून नवी भरायचा. मी एम.ए., तो आयटीआय. मी शाळेत मराठी शिकवते आणि शाळेचं ग्रंथालय, म्हणजे तीन कपाटं, सांभाळते. त्याने आयुष्यात एक पुस्तक पूर्ण वाचलं नाही. पण तो कानाने वाचायचा. मोटार सुरू केली की डोळे मिटायचा, हात वर करून सगळ्यांना गप्प करायचा आणि सांगायचा, "खालचं बेअरिंग." उघडून बघावं तर खालचंच असायचं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, आठ दिवस होते. दुकानात उभ्याउभ्या त्याच्या छातीत कळ आली आणि अक्कलकुव्याच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत तो नव्हता. एवढंच. यात सांगण्यासारखी गोष्टसुद्धा नाही.

मग दारावर माणसं येऊ लागली. आम्ही त्याला द्वारदर्शन म्हणतो. दुःख झालेल्या घरी येऊन बसायचं, रडायचं, पाणी प्यायचं, निघायचं. आणि आमच्याकडे आणखी एक रीत आहे, लहान मूल असलेल्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही. एरवीही नाही, मग बाप गेलेल्या पोरीच्या घरी तर नाहीच नाही. सुरुवातीला बिस्किटांचे पुडे आले. मग फ्रॉक. मग रंगांच्या पेट्या, एकसारख्या तीन. जेठांनी गिअरची सायकल आणली. तिची फुई, म्हणजे माझी थोरली नणंद, सुरतला असते. तिने पोट दाबलं की हसणारी एक बाहुली आणली. सुतकाच्या घरात ती बाहुली दिवसभर हसायची.

आणायला माझी हरकत नव्हती. बिचारे काय करणार? पण मी एक बघत होते. मुलीला रडू फुटलं की कुणीतरी धावायचं. "देख देख, काय आनं तुन्हासाठे!" हातात काहीतरी पडायचं. ती हुंदका अर्धा गिळून पाकीट फाडायला लागायची आणि आणणारा माणूस विजयाने माझ्याकडे बघायचा. झालं ना काम? पोर हसली ना?

पहिल्या महिन्यात ती येणाऱ्याच्या गळ्यात पडायची. दुसऱ्या महिन्यात आधी त्याच्या हातांकडे बघायला लागली. तिसऱ्या महिन्यात एका दुपारी मी शाळेच्या वह्या तपासत बसले होते आणि ती आतल्या खोलीत फुईशी फोनवर बोलत होती.

"फुई, माले आज पप्पानी भलती याद उनी."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं.

"हां... हां, खूप रडनी." पलीकडचं ऐकून घेतलं. मग आवाज एकदम खाली. "गुलाबी."

चार दिवसांनी गुलाबी पट्ट्याचं घड्याळ आलं.

मी हे कुणाला सांगितलं असतं तर म्हणाले असते, पोरगी लबाड आहे. ती लबाड नव्हती. त्याच दिवशी सकाळी तिने आपल्या बापाची दुकानातली चप्पल दाराआडून काढून पुसली होती आणि पुन्हा तिथेच ठेवली होती. मी पाहिलं होतं. याद खरीच आली होती. पण यादेचा बाजार असतो हे तिला कळलं होतं, आणि तो बाजार आम्ही मांडला होता, आम्ही मोठ्यांनी, मायेने, एकेक पाकीट हातात देऊन. घड्याळ तिने दोन दिवस घातलं. तिसऱ्या दिवशी ते खिडकीत पडलं होतं आणि ती पुन्हा फाटकाकडे बघत बसली होती.

मला भीती कशाची वाटली ते नीट लिहिते. खेळण्यांची नाही. ती मोडतात, हरवतात, विसरली जातात. भीती ही, की एक दिवस तिला बापासाठी नुसतं रडताच येणार नाही. रडू आलं की मन लगेच विचारेल, याचं काय मिळेल?

मी नणंदेला फोन लावला.

"आक्का, तुम्ही या. पण रिकाम्या हाताने या."

"म्हंजे?"

"म्हंजे काही आणू नका. तिच्याजवळ बसा. ती रडली तर रडू द्या."

"मन्हा भाऊनी पोर शे ती! मी काय भिकारी शे का, रिता हाते येवाले?"

"तसं नाही, आक्का."

"रडू दिऊ म्हनस! वहिनी, तू माय शे का कोन शे? तुन्हं पुस्तक तुन्हाजवळ ठेव." फोन बंद झाला. पुढे दीड महिना लागला नाही.

मुलीने दाराआडून ऐकलं होतं. फुई आता काही पाठवणार नाही हे तिला कळलं. ती रडली नाही, ओरडली नाही. सरळ माझ्या टेबलाकडे गेली. टेबलाखाली पुठ्ठ्याची तीन खोकी होती. ती तिने पायाने बाहेर ढकलली.

"आणि हे काय आहे, मम्मी? तुझी पार्सलं चालतात. माझी चालत नाहीत."

त्या खोक्यांत पुस्तकं होती. तो गेल्यापासून मी मागवत सुटले होते. झोप नसायची, फोनवर बोट फिरवायचं आणि पुस्तक मागवायचं. पार्सल दारात आलं की अर्धा दिवस बरा जायचा. उघडलेलं एकही नव्हतं. पुस्तक ही वस्तू नव्हे, असं मी कित्येकांना ऐकवलं आहे. न वाचता टेबलाखाली पडलेलं पुस्तक ही वस्तूच असते. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने मला ते पायाने दाखवलं.

"बरोबर आहे तुझं," मी म्हटलं. "माझीही बंद."

ती खोकी मी शाळेच्या कपाटात नेऊन ठेवली. मुलगी माझ्याबरोबर आली होती, खात्री करायला.

शाळेचं निघालंच आहे तर हेही सांगते. 'वस्तूंनी मिळणारे सुख क्षणभंगुर असते' हे वाक्य मी फळ्यावर कितीदा लिहिलं असेल! मुलं ते सुवाच्य अक्षरात उतरवून घेतात, निबंधात टाकतात, मी गुण देते. मग सहकारी शिक्षक म्हणतात, "आपल्या डोंगरातली पोरं बघा, तोरणमाळकडची. पायात काही नसतं, तरी कशी आनंदी!" हे ऐकलं की माझ्या कानशिलात आग पेटते. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर अनवाणी चालणारं पोर आनंदी नसतं हो. त्याचे पाय भाजत असतात. त्याला चप्पल हवी असते आणि ती मिळालीच पाहिजे. त्याला उपदेशाचं गाठोडं देणाऱ्याने आधी आपले बूट काढावेत. मी चपलेच्या विरुद्ध नाही, सायकलीच्याही नाही. पोर रडायला लागलं की त्याच्या तोंडात वस्तूचा बोळा कोंबण्याच्या मी विरुद्ध आहे. एवढाच माझा धर्म.

पण मुलाला हे शिकवायचं कसं? सांगून नाही. सांगितलेलं सगळं निबंधात जातं.

भाद्रपदाची पौर्णिमा आली. त्या दिवसापासून महिनाभर आमच्याकडे मुली गुलाबाई बसवतात. मातीची रंगवलेली गुलाबाई आणि तिच्या शेजारी तिचा गुलोजी. दिवेलागणीला मुली घरोघर जातात, प्रत्येक गुलाबाईपुढे गाणी म्हणतात आणि शेवटी खिरापत. खिरापत झाकणाच्या डब्यात असते. घरची मुलगी डबा हलवते, बाकीच्यांनी आवाजावरून आत काय आहे ते ओळखायचं. ओळखेपर्यंत किंवा सगळ्यांनी "हारलो" म्हणेपर्यंत झाकण निघत नाही.

आमच्या घरी खिरापत तो करायचा. पुरुष या भानगडीत नसतात, पण त्याला राहवायचं नाही. दुकानातून लवकर यायचा आणि मुलींना चकवायला नाना उद्योग करायचा. शेंगदाण्यांच्या लाडवांच्या डब्यात दोन चिंचोके टाकायचा. शेवेभोवती ओलं फडकं गुंडाळायचा. एकदा डब्यात खिरापतीबरोबर खरंच एक लहान बेअरिंग टाकलं होतं, ते धुऊन घेतलं की नाही यावरून आमचं भांडण झालं होतं. आणि त्याचा नियम कडक, वास घ्यायचा नाही, फक्त ऐकायचं. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून तो मुलींना दरडावायचा, "नाक बंद, कान उघडा!"

गेल्या दोनतीन वर्षांत कॉलनीतल्या खिरापतीचं रूप बदललं होतं. एका घरी पाण्याच्या बाटल्या दिल्या, दुसरीकडे पेन्सिलीचे पाऊच, तिसरीकडे त्याहून मोठं काहीतरी, चमकदार कागदात. मुली अजून हलवून बघतात, पण चमकदार कागद एकच आवाज करतो, सगळ्यांच्या घरी तोच.

यंदा आमच्याकडे वर्ष होतं. घरात माणूस गेलं की वर्षभर सण करत नाहीत. मुली आमच्या फाटकापर्यंत यायच्या, माझ्या मुलीला बरोबर घेऊन पुढच्या घरी जायच्या. आत कुणी येत नव्हतं. पाचसहा दिवस असं झालं आणि एका सकाळी भाकरी करताना ती माझ्यामागे येऊन उभी राहिली.

"मम्मी, आपणपण गुलाबाई बसवू. आणि खिरापतीला सगळ्यांना घड्याळ देऊ. माझ्यासारखं."

"घड्याळ कशाला?"

"घड्याळ असलं तर त्या आत येतील."

तव्यावरची भाकरी मी उलटली. मग पुन्हा उलटली. फुईने पाठवलं, आबांनी आणलं, दाराशी येणाऱ्या प्रत्येकाने हातात ठेवलं, आणि त्या सगळ्यातून माझ्या मुलीने जे शिकायचं ते शिकून घेतलं होतं. माणसं वस्तूंसाठी येतात. वस्तू नसेल त्या घरी कुणी येत नाही. बाप तर काही न सांगता निघून गेला होता. आता निदान मैत्रिणी तरी विकत घेता येतील, असा तिचा हिशेब होता.

"बसवू," मी म्हटलं. "घड्याळ नाही द्यायचं."

"मग कुणीच येणार नाही."

"मग आपण दोघी गाऊ."

"दोघींची कुठे गुलाबाई असते!" ती चिडून म्हणाली. "तुला गाणी तरी येतात का?"

मला येत नव्हती. तरी मी बाजारातून गुलाबाई आणली. कुंभाराच्या बाईने माझ्या कपाळाकडे बघितलं आणि एक पणती वर दिली.

बातमी जेठांपर्यंत संध्याकाळच्या आत गेली. दुसऱ्या दिवशी ते मोटरसायकलवरून आले आणि ओट्यावर बसले. गुलाबाई कोनाड्यात होती. तिच्याकडे त्यांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

"बेटा, तुन्ही मायले सांग, वरीस व्हवाना पहिले आपलामा सन करतस नही."

मुलगी गुलाबाईला हार घालत होती. मान न वळवता म्हणाली, "आबा, ती तिथेच बसलेली शे ना. तुम्हीच सांगा."

जेठांची पंचाईत झाली. इतक्या वर्षांचा रिवाज एका पोरीने हार घालता घालता मोडला होता. त्यांनी घसा खाकरला, खांबाकडे पाहिलं, टोपी काढली, पुन्हा घातली. मला त्यांची दया आली, पण मी मागे हटले नाही. मी पदर नीट केला आणि लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याशी थेट बोलले.

"आबा, वर्ष मी पाळतेय. मी कुठे जात नाही, काही घेत नाही. पण तिचं वर्ष तिला पाळू द्या, तिच्या पद्धतीने. गुलाबाई पोरींची असते."

ते खांबाकडे वळले. मग खांबालाच म्हणाले, "करा मंग. माले इचारू नका." जाताना सायकलीच्या टायरमधली हवा दाबून पाहिली. ती कधीच उतरली होती.

त्या संध्याकाळी मी शिरा केला. पुस्तक हातात नव्हतं, तरी लागला. खालचा थर काळा पडला. वरचा डब्यात भरला आणि वर केळीचं पान दाबलं. हलवलं तर काही वाजत नव्हतं. त्याबद्दल मला जरा अभिमान वाटत होता.

दिवा लावायच्या सुमाराला रिक्षा थांबली. फुई उतरली. दीड महिन्यात पहिल्यांदा. बातमी सुरतलाही पोहोचली असावी. हातात मोठी पिशवी.

"वहिनी, आधीच सांगी देस. मी रिता हाते नही उनी."

"बसा, आक्का. पिशवी दाराशी ठेवा."

तिने ती मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी धरून बसली.

मुली फाटकाशी आल्या आणि थांबल्या. कुजबुज सुरू झाली. माझी मुलगी ओट्यावर उभी होती. तिने हाक मारली नाही. नुसती उभी होती. मी मनात म्हटलं, आता त्या पुढे जातील आणि ही मला आयुष्यभर घड्याळाचं ऐकवेल.

आमच्या शेजारी एक टेलरचं कुटुंब राहतं. त्यांची मुलगी माझ्या मुलीच्याच वर्गात आहे. त्यांच्या घरी गुलाबाई नसते, पण सगळ्या कॉलनीत गाणी तिलाच जास्त पाठ. तिची आई आपल्या दारातून हे बघत होती. तिने तिथूनच आवाज दिला, "अरे, खडी क्यों हो सब? चलो, अंदर जाव. आंटी खाती नहीं तुमको." टेलरची मुलगी पहिली आत आली. ती आली तशा बाकीच्याही आल्या, जरा अंग चोरून, पायांतल्या चपला अगदी सरळ रेषेत काढून.

गाणी झाली. सुरुवातीला आवाज दबके होते, मग चढले. मी कोपऱ्यात होते. मला अधलेमधले शब्द येत होते तेवढे मी म्हणत होते. माझी मुलगी गाताना सारखी सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे बघत होती, अजून कोण उठून जातंय का ते.

मग तिने डबा आणला. हलवला. काही नाही.

"रिकामा शे!" एकजण म्हणाली.

"रिकामा नाही."

"केळं?"

"नाही."

"लापशी?"

"नाही."

"हलव ना जरा जोरात."

तिने जोरात हलवला. शिरा आत ढिम्म. टेलरच्या मुलीने डबा तिच्या हातातून ओढून घेतला, झाकणाशी नाक नेलं आणि किंचाळली, "जला हुआ है कुछ! शिरा! शिरा है, जला हुआ शिरा!"

सगळ्या हसल्या. फुईसुद्धा फसकन हसली. माझी अब्रू गेली ती गेली.

"नाही चालणार!" माझी मुलगी ओरडली. "तू वास घेतला! वास घ्यायचा नसतो!"

"कौन बोला?"

"पप्पा बोलले! नाक बंद, कान उघडा! पप्पांचा नियम आहे! पप्पा म्हणतात..."

आणि ती थांबली. म्हणतात, असं ती म्हणाली होती. तिचं तोंड उघडंच राहिलं. मग ते वाकडं झालं, आणि तिला रडू आलं. या पाच महिन्यांत मी ऐकलं नव्हतं असं रडू, पोटातून वर येणारं, मध्ये श्वास अडकवणारं. डबा टेलरच्या मुलीच्या हातात तसाच.

माझ्या बाजूने सर्रकन आवाज झाला. पिशवीची चेन. फुईचा हात आत गेला होता, रिबिनीचं एक टोक बाहेर आलं होतं. "देख, बेटा, देख..."

मी तिचं मनगट धरलं.

मी कधी कुणाचं मनगट धरलेलं नाही. ती माझ्याहून मोठी, माझ्या नवऱ्याची सख्खी बहीण. तिने हिसडा दिला. मी सोडलं नाही.

"सोड, वहिनी! पोर मरी जाई रडी रडी!"

"नाही मरत, आक्का. भाऊ गेलाय तुमचा. तिचा बाप गेलाय. रडू द्या."

"तुन्हं काळीज दगडनं शे."

"असू द्या. पण आज तिला कुणी काही द्यायचं नाही."

मुली भेदरून एकमेकींना चिकटल्या होत्या. मोठं माणूस अशा वेळी काहीतरी करतं हे त्यांना माहीत होतं, आणि इथे कुणी काही करत नव्हतं. मलाही उठून तिला छातीशी धरावंसं वाटत होतं. मी ते केलं नाही. चूक होती की बरोबर, मला आजही सांगता येणार नाही. एवढंच माहीत आहे की ते रडणं तिचं होतं आणि मला ते मध्ये तोडायचं नव्हतं, मायेनेसुद्धा नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. पणती एकदा फडफडली. रडणं हळूहळू खाली आलं, हुंदके दूर दूर पडू लागले. मुलीने इकडेतिकडे पाहिलं. माझ्या हातांकडे पाहिलं, फुईच्या हातांकडे पाहिलं. कुणी काही पुढे करत नाही हे तिच्या लक्षात आलं. मग तिने फ्रॉकला नाक पुसलं.

टेलरची मुलगी डबा धरून तशीच उभी होती. ती अगदी हळू म्हणाली, "लेकिन शिरा ही है ना?"

"हो," माझी मुलगी म्हणाली. "पण तू बाद. वास घेतला."

"ठीक है. बाद."

"अंकलनी माले बी बाद करेल व्हतं," दुसरी म्हणाली. "मागल्या साली. मी झाकन उघाडं व्हतं तवय."

"आणि लाडवांच्या डब्यात तर त्यांनी चिंचोके..."

आणि मग त्या सगळ्या एकदम बोलायला लागल्या. कुणाला त्याने दरडावलं होतं, कुणाची सायकल दुकानात फुकट नीट करून दिली होती, कुणाच्या वडिलांच्या मोटारीला काय झालं होतं. अंकल असे, अंकल तसे. माझी मुलगी मध्येच कुणाला दुरुस्त करत होती, "असं नाही, असं झालं होतं." नाक लाल, डोळे सुजलेले, पण आवाज खणखणीत. द्वारदर्शनाला इतकी माणसं येऊन बसली, त्यांतल्या कुणी तिच्याशी तिच्या बापाविषयी असं एक वाक्य बोललं नव्हतं. आम्ही सगळे तो विषय टाळत होतो, वस्तूंनी झाकून.

शिरा त्यांनी खाल्ला. कडू लागत होता. तसं तोंडावर सांगूनही खाल्ला.

मुली पुढच्या घरी गेल्या. माझी मुलगी मागे राहिली, डबा घासायला टाकण्यासाठी. मी एव्हाना फुईचं मनगट सोडलेलं होतं, केव्हा ते आठवत नाही. तिने रिबीन आत ढकलून चेन लावली होती. पिशवी तिच्या मांडीवरून खाली घसरली तरी तिने उचलली नाही.

मग ती रडायला लागली. सुरतहून आल्यावर दर वेळी दारात पाऊल टाकताच ती मोठ्याने रडायची, बाया तिला धरायच्या, पाणी पाजायच्या, आणि ते आवरून ती लगेच पिशवी उघडायची. हे तसं नव्हतं. आवाज नव्हता. खांदे हलत होते आणि नाकातून पाणी गळत होतं. धाकटा होता तो तिच्यापेक्षा. तिनेच त्याला कडेवर खेळवला होता. हे मला ठाऊक होतं, पण मी त्याचा कधी विचार केला नव्हता. मनगट धरतानाही नाही.

मुलगी डबा हातात घेऊन दारात उभी होती. तिने फुईकडे पाहिलं. मग डबा खाली ठेवला, येऊन तिच्या शेजारी बसली आणि डोकं तिच्या दंडाला टेकवलं. काही मागितलं नाही, काही दिलं नाही.

आमच्याकडे कुणी रडलं की कुणीतरी उठतं. पाणी आणतं, चहा ठेवतं. माझेही गुडघे सवयीने हलले.

मी बसून राहिले.